266 रुपयांची गोणी

परभणीत 45 किलोंची युरियाची गोणी साधारण 266 रुपये 50 पैशांना मिळते. म्हणजे मिळते तेव्हा, आणि दुकानदाराने सोबत दुसरं खत गळ्यात मारलं नाही तर. तिची खरी किंमत कैकपट आहे, फरक सरकार भरतं. 2022-23 साली केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. तरी एवढ्यावर बिल भागत नाही. उरलेली रक्कम कुणाच्याच वहीत चढत नाही.

त्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असतं. आपल्याकडे टाकलेल्या नत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला लागू होतो. परभणीची काळी जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी. कपाशीत युरिया नुसता फेकून दिला, कोळपून मातीआड केला नाही, की त्याचा अमोनिया होऊन उडतो. दमदार पाऊस लागला तर नायट्रेट होऊन विहिरीकडे झिरपतो. पाणी तुंबलेल्या भारी रानात त्याचाच नायट्रस ऑक्साइड बनतो, जो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमान वाढवतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. त्याहून जास्त असलं, तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. युरोपीय अभ्यासकांनी 2011 साली युरोपातल्या नत्र प्रदूषणाचं वार्षिक नुकसान 70 ते 320 अब्ज युरो मांडलं. आपण अर्थसंकल्पात फक्त अनुदान मांडतो.

युरियाशिवाय देशाचं पोट भरलं नसतं, हा आक्षेप खराच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला महाग युरियाचा धडा शिकवणं हा तर निव्वळ निर्दयपणा. पण इथे प्रश्न वापराचा नाही, नासाडीचा आहे. सोयाबीन आणि तूर मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः घेतात; सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्राची शिफारस आहे, तीही पेरणीबरोबर. तरी पीक पिवळं दिसलं की गोणी फुटते, मग ते पिवळेपण लोहाच्या कमतरतेचं का असेना. 2010 साली स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी अनुदानाची पद्धत बदलली, युरिया तिच्याबाहेर राहिला आणि खतांच्या वापराचा तोल आणखी ढळला. 2015 पासून सक्तीचं झालेलं कडुनिंबाचं लेपन युरियाचं नायट्रेट होणं मंद करतं, जास्तीचा डोस भरून काढत नाही.

म्हणून अनुदान गोणीवरून काढून तेवढीच रक्कम एकरी थेट खात्यात द्यावी. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यानंतर पिण्याच्या विहिरींतलं नायट्रेट तपासून आकडा फळ्यावर लिहावा.