मैदानावरची लेकरे

मंडळीच्या क्रीडामंडळात मुले खेळायला गेली की आपण निर्धास्त असतो. शिकवणारा आपलाच आहे ना! पण मत्तय १८:६ मध्ये जात्याच्या तळीचा इशारा प्रभूने शिष्यांनाच दिला, परक्यांना नव्हे. म्हणून आपण नेम करू या. शिकवणाऱ्याने कोणाही लेकराला बंद खोलीत एकटे बोलावू नये. सामन्यासाठी परगावी जाताना दोन वडीलधारे सोबत असावेत. परावलंबी प्रौढांचीही अशीच काळजी घ्यावी. लेकराने गाऱ्हाणे सांगितले, तर मंडळीच्या अब्रूसाठी आपण ते झाकू नये. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ वरही मदत मिळते. त्या वेळी लेकराच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.