ओझं कुणाच्या पाठीवर?

कोलाडवरून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. त्यात एखादी थार किंवा जुनी जिप्सी हमखास नटूनथटून आलेली दिसते. छतावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू आणि पाण्याचे कॅन, पुढे विंच, मागे शेगडी आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा फ्रीज. डांबर संपतं तिथून यांचा खरा प्रवास सुरू होतो. निवांतपणा शोधायला निघालेला माणूस सगळा संसार गाडीवर लादून निघतो, हे पाहून अपरिग्रहाची, म्हणजे संग्रह न करण्याच्या व्रताची, आठवण होणं साहजिक आहे. पतंजलींनी पाच यमांत त्याची गणना केली, जैनांनी त्याला महाव्रत मानलं. एवढं सामान नेणारा त्या कसोटीवर नापास, असा निकाल आपण चटकन देऊन टाकतो. मला तो घाईचा वाटतो. अपरिग्रह म्हणजे सामानाची मोजदाद, असं त्यात गृहीत धरलेलं आहे आणि आपल्याच परंपरेतला व्यवहार त्याला दुजोरा देत नाही.

स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920 साली कोलाडजवळच्या रोह्यात झाला. त्यांच्या परिवारातल्या भक्तिफेरीचा दंडकच असा, की दुसऱ्याच्या गावी जायचं ते स्वखर्चाने आणि शिदोरी स्वतःची न्यायची. यजमानाच्या चुलीवर भार टाकायचा नाही. इथे सामान बरोबर असणं हाच संयम ठरतो. वारीचंही तसंच. वारकरी टाळ-पताका घेऊन चालतो, पण दिंडीच्या राहुट्या, शिधा आणि भांडी ट्रकमधून मुक्कामावर पुढे जातात. म्हणून वारी खोटी ठरत नाही. उलट, हात हलवत निघालेल्या संन्याशाची भिक्षा कुणा गृहस्थाच्या चुलीवरच शिजत असते. समाजाने ते ओझं राजीखुशीने पत्करलं, एवढंच. म्हणजे ओझं नाहीसं कधीच होत नाही, ते फक्त जागा बदलतं. तेव्हा किती वस्तू घेतल्या यापेक्षा त्यांचा भार अखेर कुणावर पडला आणि त्याने तो मनापासून घेतला का, ही अपरिग्रहाची खरी कसोटी.

रोह्याच्याच जिल्ह्यातलं माथेरान या बाबतीत डोळे उघडणारं आहे. तिथे दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. डोंगराच्या दृष्टीने हा नियम शहाणपणाचा. पण मोटार थांबली तरी माणसाची सोय थांबली नाही. पायी जायची तयारी नसलेला पर्यटक आणि त्याच्या बॅगा घोड्याच्या पाठीवर गेल्या, हमालाच्या डोक्यावर गेल्या, हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या छातीवर आल्या. अखेर 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला माणसाने माणूस ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. यंत्र नाकारलं की आपोआप नीती साधते, या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर नाही.

मग रोह्याच्या डोंगरात गाडी घालायला हरकत काय? हरकत आहे, आणि ती याच कसोटीवर. भरलेल्या गाडीचं चाक ओल्या उतारावर घसरत चढतं, तेव्हा माती दबते आणि तिला धरून ठेवणारी गवताची मुळं तुटतात. चाकोरी पडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या मुलखात पाणी तीच चाकोरी धरतं, तिची घळ होते. पुढची गाडी ती घळ टाळायला शेजारून जाते आणि दुसरी चाकोरी पाडते. छतावर वजन जितकं जास्त, तितकी गाडी आडव्या उतारावर कलंडायची भीती अधिक, म्हणून चालक सपाट, मोकळी जागा शोधतो; ती बहुधा कुणाचं तरी कुरण किंवा भाताचं खाचर असते. फ्रीज उचलला गाडीने, पण त्याचं वजन पेललं डोंगराने, आणि डोंगराला कुणी विचारलं नव्हतं.

यावर विचारी माणूस म्हणेल, आसक्ती मनात असते, वस्तूत नसते. राजवाड्यात राहणारा जनक विदेहीच होता. मान्य. पण जनकाची अनासक्ती जनकाला ठाऊक. उतारावरच्या मातीला चालकाचं मन कळत नाही. विरक्ताच्या आणि विलासी माणसाच्या गाडीची चाकोरी सारखीच खोल पडते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. दोर, प्रथमोपचाराची पेटी, पुरेसं पाणी नको का? हवंच. ते न घेता निघालेला माणूस अडकला, की गावकरी आणि बचावपथकातले स्वयंसेवक त्याला स्ट्रेचरवरून खाली आणतात. रिकाम्या हाताने गेलेला तोच दुसऱ्याचं ओझं होतो. तिसरा आक्षेप म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा. त्यांच्यासाठी रायगडावर रोपवे आहे, तशी एक पक्की वाट जिथे शक्य तिथे असावी. सगळ्यांचा भार घेणारी एक वाट दहा चाकोऱ्यांपेक्षा डोंगराला परवडते. आणि गावकऱ्यांच्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तो पोटासाठी जातो, आणि वाट खचली तर त्याच वाटेने त्यालाच पुन्हा जायचं असतं. पाहुणा सोमवारी आपल्या घरी असतो.

तेव्हा गाडी घ्यावी, हौसेने सजवावी, त्यात पाप काही नाही. पण रोह्याजवळच्या अवचितगडाला जायचं तर ती पायथ्याच्या मेढ्यात किंवा पिंगळसईत, गावात विचारून उभी करावी आणि पुढे पाठीवर मावेल तेवढंच न्यावं. जे पाठीवर मावत नाही, त्याची डोंगरावर गरज नव्हती असं खुशाल समजावं.