मान दिली, पण मान दिला का?

बीडमधल्या कुठल्याही कटिंगच्या दुकानात कामाचा शेवट मानेवर होतो. कारागीर नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, त्यातलं अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो, मानेवर पाण्याचा फवारा मारतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरतो. मग कानामागून खाली, लव काढत वस्तरा उतरतो. समोर भिंतभर आरसा असतो, पण गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. मान खाली घातलेली असते आणि काम पाठीमागे चाललेलं असतं. शेवटी तुरटीचा खडा फिरतो, जरा झोंबतं, संपलं. दोन मिनिटांच्या या कामात धर्माला आणि नीतीला अडचणीत आणणारा एक प्रश्न दडलेला आहे. मराठीत ‘मान’ हा शब्द दोन लिंगांत चालतो: ती मान धडावर असते, तो मान माणसामाणसांत असतो. ज्याच्या हाती आपण ती मान निर्धास्त देतो, त्याला तो मान द्यायला आपला समाज शतकानुशतकं का कचरला?

धर्माचं उत्तर शुद्धाशुद्धतेच्या हिशेबातून येतं. न्हावी दुसऱ्याच्या अंगावरचा मळ आणि केस काढतो, म्हणून तो खालचा. पण हा हिशेब धर्मालाच जुळवता आलेला नाही. बाळाचं जावळ काढायला न्हावी लागतो, मुंजीला लागतो, घरात मृत्यू झाला की सुतक फिटण्याआधी क्षौरासाठीही तोच लागतो. म्हणजे शुद्धी ज्याच्या हातून येते, त्याचाच हात हलका ठरतो. मळ काढणारा मळका होत असेल, तर सर्वांत आधी नदीला अपवित्र म्हणायला हवं. ही अडचण शास्त्रकारांनाही जाणवली असावी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कारागिराचा हात नेहमी शुद्ध मानला आहे आणि चौथ्या अध्यायात, ज्या शूद्रांचं अन्न चालतं त्यांच्या यादीत आपल्या न्हाव्याचाही समावेश आहे. नियम करणाऱ्यांना इतक्या लवकर पळवाट ठेवावी लागली, यावरूनच नियम व्यवहारात टिकत नव्हता हे कळतं. मात्र ही सवलत न्हाव्याच्या मोठेपणापोटी मिळालेली नाही, ती आपल्या गरजेपोटी आहे. हात शुद्ध ठरला तो कामापुरता, आणि त्या हाताचा धनी होता तिथेच राहिला.

भक्तिपरंपरेने हाच प्रश्न उलट्या बाजूने धरला. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या बिकट वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. तिथे धार आहे, पण ती धरणारा हात नाही. स्वतः न्हावी असलेल्या संत सेना महाराजांनी मात्र हत्यारांची सगळी धोकटीच परमार्थात आणली. त्यांच्या अभंगात विवेकाचा आरसा होतो, वैराग्याचा चिमटा होतो आणि पिळली जाते ती अहंकाराची शेंडी. त्या अभंगात न्हाव्यासाठी आलेला ‘वारीक’ हा शब्द मराठवाड्यात अजून जिवंत आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात सेना महाराजांचं एक पद धनाश्री रागात आहे. उत्तरेत त्यांचं नातं बांधवगडाशी जोडतात, आपल्याकडे बादशहाच्या चाकरीशी. कथा अशी की सेना पूजेत गुंतलेले असताना बोलावणं आलं, तेव्हा विठ्ठलच धोकटी घेऊन राजाकडे गेला. या कथेचा नेहमीचा अर्थ ‘देव भक्ताची लाज राखतो’ असा लावतात. पण देवाने तिथे काय केलं हेही पाहावं. त्याने राजाला शाप दिला नाही की उपदेश केला नाही. त्याने मन लावून हजामत केली. जे काम करताना देवाला कमीपणा वाटला नाही, ते माणसाला कमीपणा आणणारं कसं ठरेल?

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो. मान देण्यात कसला विश्वास? ती निव्वळ सवय आहे. न्हाव्याचं पोट गिऱ्हाइकावर आहे, वर कायदा आहे. तो कशाला इजा करील? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पोटाची गरज एवढंच सांगते की तो गळा कापणार नाही. मानेवरच्या तिळाला वळसा घालून धार का जाते, गिऱ्हाईक खोकलं की हात आधीच का उचललेला असतो, हे त्या गरजेतून निघत नाही. आणि खुर्चीत बसणारा तरी कुठे हिशेब मांडून बसतो? तो डोळे मिटतो. केसाने गळा कापणं हा विश्वासघाताचा वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे. केस कापणाऱ्याने गळा जपणं इतकं रोजचं आहे की त्याला वाक्प्रचारच लागला नाही. सवय म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे. असंख्य वेळा पाळला गेल्यामुळे ज्याची आठवणही करावी लागत नाही, असा विश्वास म्हणजेच सवय.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. वर्षाचं धान्य खळ्यावर मिळायचं आणि त्या धान्यात गावाचा धाक मिसळलेला असायचा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर टाकलेला विश्वास हा सत्तेचाच आत्मविश्वास नव्हे काय? हे मान्य करायलाच हवं. केशवपन होणाऱ्या विधवेचं चित्र डोळ्यांपुढे आणावं: खाली घातलेली मान, पाणी, वस्तरा. बाहेरून ते दुकानातल्या खुर्चीसारखंच दिसतं. पण तिथे मान दिलेली नसे, ती वाकवलेली असे. फरक वस्तऱ्यात नव्हता, फरक संमतीत होता. म्हणूनच 1890 साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला, ही घटना समाजसुधारणेइतकीच तत्त्वज्ञानाचीही आहे. ज्या हाताला नकार देता येतो, त्याच हाताच्या होकाराला नैतिक किंमत असते.

मग हा नकार नेहमीच पवित्र का? नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे की साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, तरी लहानपणी आपले केस थोरली बहीण कापायची. कारण कुठलाही न्हावी अस्पृश्याला हात लावायला तयार नव्हता. जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या माणसाने आणखी खालच्याला तोच स्पर्श नाकारला. दोन्ही नकारांत वस्तरा थांबला, पण मुंबईतला थांबला तो समोरच्या बाईचा मान राखण्यासाठी आणि साताऱ्यातला थांबला तो समोरच्या मुलाचा मान हिरावण्यासाठी. नकाराची कसोटी हीच.

कोणी म्हणेल, हे सगळं इतिहासजमा झालं. आता दुकानाला काचेचं दार आहे, दरपत्रक आहे आणि शिवरायांसाठी जिवावर उदार झालेल्या जिवा महाला, शिवा काशीद या न्हाव्यांची नावं आपण अभिमानाने घेतोच. पण जिवावर उदार होणाऱ्याचा गौरव सोपा असतो. कसोटी लागते ती रोज काम करणाऱ्यापाशी. शिवाय बीडपुरतं बोलायचं, तर विश्वास इथे आपोआप टिकेल असं कोण म्हणेल? 2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर एका जातीच्या माणसांनी दुसऱ्या जातीच्या दुकानाची पायरी चढू नये, अशी आवाहनं या जिल्ह्यात झाल्याच्या बातम्या आल्या. 2025 मध्ये बीड पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढण्यात आली, कारण आडनाव वाचलं की न्यायाआधी जात दिसू लागली होती. अशा जिल्ह्यात अनोळखी आडनावाच्या हाती मान सोपवणं ही लहान गोष्ट नाही. जात मानणाऱ्याचं शरीर त्या दोन मिनिटांत त्याच्या मताविरुद्ध साक्ष देत असतं.

ही साक्ष उभं राहून द्यायची, तर तो मान नुसत्या भावनेत राहून चालत नाही. वयाने मोठ्या कारागिराला अरे-तुरे न करणं, दरावर घासाघीस न करणं, लग्नाच्या पंगतीत त्याला शेवटी न बसवणं आणि त्याच्या मुलाने वस्तरा हाती धरावा की धरू नये हे त्याच्यावर सोडणं, इतक्या साध्या गोष्टींत तो मोजता येतो. सेना महाराजांच्या कथेत राजाला देवाचं चतुर्भुज रूप दिसलं ते तेलाच्या वाटीत. वाटीत पाहायला मान खाली घालावी लागते. खुर्चीत बसून आपणही ती खाली घालतोच. फक्त ती वर उचलली की पाहिलेलं विसरतो.