पाहुणे किती आले?

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा नावाचं गाव आहे. धुळ्यातून फुटून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. सारंगखेड्याची यात्रा त्याच्या कितीतरी आधीची. देव एकमुखी दत्त. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि पुढे पंधरवडाभर गाव झोपत नाही. लोक नवस फेडायला येतात तसे घोडे बघायलाही येतात. मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून व्यापारी जनावरं घेऊन उतरतात. पंचकल्याणी, अबलख, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे अगाडी-पिछाडी बांधून रांगेनं उभे असतात. गिऱ्हाईक भोवरे बघतं, दात बघतं, फेरी मारायला लावतं. लाखांच्या गोष्टी होतात, कधी कधी कोटींच्याही. व्यापारी मात्र हॉटेलात उतरत नाही. त्याची चूल आणि अंथरूण घोड्याशेजारीच.

या यात्रेतली म्हणून एक गोष्ट सांगतो. खरी की रचलेली हे विचारू नका. बोधकथेला कोणी सातबारा मागत नाही.

गावात एक शेतकरी होता. सगळे त्याला आप्पा म्हणत. घर रस्त्याला लागून, पुढे ऐसपैस ओटा, मागे गोठा. शेतात पपई आणि केळी, दावणीला बैलजोडी आणि एक गाय. आप्पाचा एक नेम होता : यात्रेच्या दिवसांत ओट्यावर आलेल्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही. नेम बापाच्या हातचा आणि चांगलाच. फक्त आप्पाला तो चारचौघांत सांगायला फार आवडायचा. यात्रा उठली की पारावर बसून यंदा आपल्याकडे किती पानं उठली, याचा आकडा तो कोणी न विचारताच सांगे.

त्या वर्षी जयंतीच्या संध्याकाळी दत्तजन्म झाला, आरती झाली, आणि पंगतीमागून पंगत बसत गेली. सूनबाईनं पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून हिरव्या मिरचीचं भरीत केलं होतं. सोबत कळण्याच्या भाकरी, आणि नैवेद्याला खापरावरचे पुरणाचे मांडे. पहिला घास गाईला, गोग्रास, तो आप्पानं स्वतः गोठ्यात जाऊन दिला. त्यात त्यानं कधी चूक केली नव्हती.

रात्री उशिरा, भांडी घासायला काढली तेव्हा ओट्याखाली दोघंजण येऊन उभे राहिले. एक साठी उलटलेला मारवाडकडचा व्यापारी, डोक्याला धुळीनं माखलेलं पागोटं. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. ट्रक दोंडाईच्याच्या रस्त्याला बंद पडला, म्हणून चालत आलो, म्हणाला. मैदानात जागा कुठे मिळेल एवढंच त्याला विचारायचं होतं.

आप्पाला असे पाहुणे म्हणजे पर्वणी. तो म्हणाला, “जागा सकायले दखू. आते या भाऊ, बठा, जेवाले बठा.”

चूल पुन्हा पेटली. सूनबाई दिवसभराची दमलेली, पण तोंडातून शब्द काढला नाही. ताटं आली. म्हाताऱ्यानं हातपाय धुतले, पाटावर टेकला, अन्नाला हात जोडले, आणि तसाच बसून राहिला. नातवाची नजर भाकरीवर खिळलेली. पण आजोबा घास घेईनात म्हणून तोही हात मांडीखाली दाबून बसला.

आप्पाला वाटलं, तिखट दिसतंय. परमुलखातल्या माणसाला आपला ठेचा झेपायचा नाही. त्यानं दूध-साखर मागवली. म्हाताऱ्यानं वाटीला नमस्कार केला आणि ती बाजूला ठेवली. मग आप्पाच्या मनात आलं, वांगं चालत नसेल. सूनबाईनं वरण ऊन केलं. त्यालाही हात लागला नाही. मग मांडा आला, तूप आलं. ताट भरत चाललं आणि हात काही हलेना.

बघणाऱ्याला हसू येईल, पण आप्पाच्या कपाळावर आठी चढायला लागली होती. आपल्याकडे वाढलेल्या ताटासमोर गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही. त्यात जात येते, धर्म येतो, जुने मानापमान येतात. शेवटी त्याचा तोल गेला. “का भाऊ, आमना घरनं अन्न चालत नही का तुमले?”

म्हातारा कानकोंडा झाला. “नहीं बापू, ऐसी बात नहीं,” एवढंच म्हणाला आणि दाराकडे बघून पुन्हा खाली बघायला लागला.

आत कोनाड्यापाशी आप्पाची आई, जिजी, गोधडी घेऊन पडली होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं, म्हणून ती घर कानांनी बघायची. बैल कधी उठला, कोणाची सायकल गेली, सून कधी हुंदका दाबते, सगळं तिला अंथरुणातून कळायचं. मघापासून ती एक आवाज ऐकत होती. ओट्याच्या खांबाशी कोणीतरी फरशीवर टाप मारत होतं. जरा थांबायचं, पुन्हा मारायचं. मध्येच एक बारीक आवाज, घोड्याच्या पिलाचा.

जिजीनं हाक मारली. “पाव्हना कितला उनात रे?”

“दोन,” आप्पा घुश्श्यातच बोलला.

“दोन नही, चार शेतस. बाहेर कोन शे ते तर दख.”

आप्पा कंदील घेऊन बाहेर गेला. खांबाला एक बदामी घोडी बांधलेली, घामाचं मीठ पाठीवर वाळलेलं. तिच्या पोटाला चिकटून शिंगरू. ही दोघं मघापासून तिथंच होती. आप्पा त्यांच्या बाजूनंच पाहुण्यांना हाताला धरून आत घेऊन गेला होता. त्यानं घोडी पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, आणि वाहन बघावं तशी पाहिली होती.

म्हातारा मागोमाग आला. त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीचा अर्थ असा, की जनावराच्या पोटात काही गेल्याशिवाय त्याचा धनी जेवत नाही, ही आमच्याकडची रीत आहे. सकाळपासून घोडीला दाणा नाही, शिंगराला दूध पुरत नाही.

“मंग मांगानं ना!” आप्पा म्हणाला.

म्हातारा हसला. माणूस स्वतःपुरती भाकरी मागू शकतो बापू, म्हणाला, पण दुसऱ्याच्या बैलाच्या दावणीतला कडबा कोणत्या तोंडानं मागू? यात्रेत एकेका पेंढीला भाव असतो. तुम्ही ताट वाढलंत, आणि मी म्हणायचं की अजून दोघं आहेत?

आप्पाला उत्तर सुचेना. जिजी तोवर भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली होती. लेकाला टाकून बोलायची संधी ती सहसा सोडत नसे.

“दत्तना गावमा ऱ्हास आनि इतलं कये नही तुले? फोटोमा दत्त महाराज कधी येकला दिखनात का? मांगे गाय ऱ्हास, पायजोडे चार कुत्रा. देव एकटा येत नही, मंग पाव्हना कसा एकटा यी?”

यानंतरचं काम आप्पानं काही न बोलता केलं. गोठ्यातून ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या काढल्या, विळ्यानं बारीक तोडल्या. बैलांनी मान वळवून पाहिलं. त्यांचा सकाळचा वाटा चालला होता. सूनबाईनं दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी भिजत घातलेल्या हरभऱ्याचं पातेलंच उचलून आणलं. म्हाताऱ्यानं मात्र घाई करू दिली नाही. आधी हातानं चोळून घोडीचा घाम उतरवला. मग बादली तोंडाशी धरली, चार घोट घेऊ दिले, बादली मागे ओढली. थांबला, पुन्हा धरली. मग कडबा. हरभरे सगळ्यात शेवटी, तेही ओंजळीनं. घोडीनं त्याच्या तळव्यावरून एकेक दाणा ओठांनी टिपून घेतला, आणि शिंगरू आईच्या कासेला लागलं. नातू एवढा वेळ गप्प होता. तो पहिल्यांदाच बोलला. आता भाकरी खाऊ का, म्हणून त्यानं आजोबांना विचारलं.

भाकरी एव्हाना गार झाली होती. म्हाताऱ्यानं गार भाकरी आणि गार भरीत मनापासून खाल्लं आणि तिखटाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सकाळी ते मैदानाकडे गेले. पुढच्या वर्षी म्हाताऱ्यानं आप्पाला घोडा बक्षीस आणून दिला, असलं काही या गोष्टीत नाही. तो पुन्हा आलाच नाही, निदान त्या घरी. पण आप्पानं ओट्याच्या कडेला दगडी डोण बसवली आणि यात्रेपुरत्या शंभरेक पेंढ्या वेगळ्या रचून ठेवू लागला. माणूस आला की “जेवलात का?” याच्या आधी तो “बरोबर कोण आहे?” असं विचारू लागला. स्वभाव मात्र एका रात्रीत जात नाही. पारावर आता तो पानांच्या आकड्याबरोबर पेंढ्यांचाही आकडा सांगतो.

जिजीनं सांगितलं ते आपल्याला नवं नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ तर शाळेच्या पुस्तकातून भेटलेले. तरी आपण आप्पासारखेच वागतो. गोग्रास चुकत नाही आणि दारातली घोडी दिसत नाही. पुण्याची जागा ठरलेली असली की नजर तिच्यापलीकडे जात नाही, असं मला वाटतं.

आता ओट्याला घोडी बांधून कोणी येत नाही. मोटारीतून येतात. आपण पाहुण्यांना आत नेतो, आग्रह करकरून वाढतो, मांड्यावर तूप सोडतो, आणि ड्रायव्हर खाली गाडीत मोबाइल बघत बसलेला असतो. गप्पा रात्री अकरापर्यंत रंगतात. त्याचं जेवण झालं का, हे यजमानानं विचारलं नाही कारण तो पाहुण्यांचा माणूस. पाहुण्यांनी विचारलं नाही कारण घर दुसऱ्याचं. दोघंही सभ्य, आणि मधल्या मध्ये तो उपाशी. लग्नात हेच चालतं. बँडवाले, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालणाऱ्या बाया आणि मूल सांभाळायला आणलेली मुलगी यांची पंगत शेवटची, आणि तोवर गोड संपलेलं.

याच जिल्ह्यातून, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून, दरवर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर जातात, पुष्कळशी गुजरातेत. तोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बरोबरची पोरं त्या हिशेबात नसतात. पाचटावर नाहीतर झोळीत ती दिवसभर फडात असतात. उचल देणाऱ्याच्या वहीत त्यांची ओळ नाही. मुकादमाला विचारलं, माणसं किती आली, तर तो आप्पासारखंच झटकन उत्तर देईल. आकडा त्याच्या हिशेबानं बरोबरही असेल.

सारंगखेड्याला एकदा जरूर जा. रेल्वेनं आलात तर सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरा. तिथून रस्त्यानं गाव जवळ आहे. थंडी असते, स्वेटर घ्या. घोडा विकत घ्यायचा नसला तरी पिशवीत मूठभर हरभरे असू द्या. भाड्याच्या गाडीनं आलात तर भरीत-भाकरीच्या ताटावर ड्रायव्हरलाही बोलवा. आणि हरभरे मात्र मालकाला विचारल्याशिवाय कोणत्याही घोड्यापुढे धरू नका. लांबून चालून घामेजलेल्या जनावराला लगेच दाणा दिला तर पोट दुखतं.