जुनी गाडी, नवे ब्रेक आणि आपला शेजारी

जुनी वस्तू जपणे म्हणजे नेमके काय जपणे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. घरातील जुने घड्याळ जपताना तो आपल्याला फारसा छळत नाही. कारण त्या घड्याळाच्या उणिवा सोसायच्या त्या घरच्यांनीच. मोटारगाडीचे तसे नाही. ती रस्त्यावर धावते आणि रस्ता कुणा एकाच्या मालकीचा नसतो.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' या गाडीचे उदाहरण घेऊ. १९२७ साली ती बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत तशा ४८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. हौशी मालकांनी त्यांतील अनेक आजही जपल्या आहेत. तिचे ब्रेक यांत्रिक. पायाखालचे पेडल दाबले की पोलादी सळया व तरफा ओढल्या जातात आणि ड्रमच्या आतले शू फाकून ड्रमवर घासू लागतात. चारही चाकांच्या सळया नीट जुळलेल्या नसल्या तर गाडी एका बाजूला ओढ घेते. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये सळयांचे काम नळ्यांतील द्रव करतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. ड्यूसेनबर्गने १९२१ मध्ये आणि क्रायस्लरने १९२४ मध्ये तो आपल्या गाड्यांत वापरला; फोर्डने मात्र पोलादाच्या भरवशाची जाहिरात करीत १९३९ च्या मॉडेलपर्यंत वाट पाहिली. त्या वर्षानंतरच्या फोर्ड गाड्यांचे ब्रेक आज काही मालक 'मॉडेल ए'ला बसवून घेतात.

यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, निर्मात्याने घडविले तसेच ठेवणे ही इतिहासाशी निष्ठा. दुसरा म्हणतो, जीव वाचविण्यापुढे निष्ठा कसली? आम्हांस वाटते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही प्रश्नाचा अर्धाच भाग पाहतात.

स्वतःच्या हौसेसाठी धोका पत्करण्याचा अधिकार मालकाला आहे, असे क्षणभर मानू. परंतु रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाने त्या धोक्याला संमती दिलेली नसते. आपली निष्ठा कितीही उदात्त असो, तिची किंमत दुसऱ्याने मोजावी हे न्यायाचे नव्हे.

मग ब्रेक बदलले की कर्तव्य संपले काय? तसेही नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने. अरुंद जुने टायर तेच राहिले तर नव्या ब्रेकचा उपयोगही तेवढ्यापुरताच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. हा नियम कोणत्याही ब्रेकला चुकत नाही. शिवाय एकाच मार्गाच्या जुन्या हायड्रॉलिक रचनेत एक नळी गळाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. सळयांच्या रचनेत एका चाकाची सळी तुटली तरी उरलेली चाके काही प्रमाणात साथ देतात. म्हणूनच पुढे दोन स्वतंत्र मार्गांची रचना आली. नव्या साधनाने आलेला निर्धास्तपणा वेग वाढवू लागला, तर सुधारणेचा हेतूच हरवतो.

येथून तिसरी वाट दिसते. ज्याला मूळ ब्रेक राखायचे आहेत, त्याने सळया वेळोवेळी जुळवाव्यात, वेग आवरावा, गर्दीचे रस्ते टाळावेत. म्हणजे गाडीऐवजी स्वतःला बदलावे. ज्याला हे जमणार नाही, त्याने निःशंकपणे ब्रेक बदलावेत. पण चौकट न कापता, मूळ भाग जपून ठेवून. ऐतिहासिक वाहनांविषयीच्या २०१२ च्या तुरीन सनदेचा रोखही असाच आहे: सुरक्षेसाठी आवश्यक तेवढाच बदल, आणि तोही पुन्हा पूर्ववत करता येईल असा.

आणखी एक अट आम्ही घालू. ती गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा झालेला बदल त्याला स्पष्ट सांगावा. भाग बदलल्याने गाडी खोटी ठरत नाही. बदल लपवून तिला मूळची म्हणून विकले, तर विकणारा मात्र खोटा ठरतो.

परंपरा हाती आली म्हणजे तिच्याबरोबर तिचे ओझेही येते. ते ओझे आपण स्वतः वाहतो आहोत की रस्त्याने जाणाऱ्या परक्याच्या खांद्यावर टाकतो आहोत, एवढे प्रत्येकाने गाडी बाहेर काढण्यापूर्वी तपासून पाहावे.