चहाचा रस: एक की अनेक?

सुगंधित चहा आणि निव्वळ पानांचा पारंपरिक चहा यांची तुलना करणारे रसिक बहुधा एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती अशी की पानाला स्वतःची एक खरी चव असते आणि बर्गमॉटचे तेल, मोगऱ्याच्या जातीची फुले, वेलची, आले किंवा गूळ यांच्या मिश्रणाने ती झाकली जाते. हे गृहीतक वरकरणी निरुपद्रवी वाटले, तरी त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांतील एक जुना वाद आहे: अनेक द्रव्ये एकत्र आली असता त्यांतून एक नवा रस जन्माला येतो, की जुनेच रस एकमेकांशेजारी नांदत राहतात? आणि त्याहूनही आधीचा प्रश्न असा की, एखादा गुण वस्तूचा स्वतःचा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या आधारावर मिळतो?

सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. बारामती तालुक्यातील ही वसाहत सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली असून जवळच करंजे येथे सोरटी सोमेश्वराचे देवस्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या अवर्षणप्रवण जमिनीला पाणी दिले आणि त्या पाण्यामागोमाग ऊस आला. त्यामुळे येथील पेल्यातील साखर अथवा गूळ शिवारातला, दूध गोठ्यातले आणि गवती चहाची पात परसातली असते, पत्ती मात्र आसामची, दार्जिलिंगची किंवा निलगिरीची असते, कारण महाराष्ट्र हा चहाच्या मळ्यांचा प्रदेश नव्हे. ज्याला रसिक ‘मूळ’ म्हणतात ते येथे परमुलखातून येते, आणि ज्याला ते ‘वरून घातलेले’ म्हणून कमी लेखतात ते या मातीत पिकते. मूळ कोणते आणि आगंतुक कोणते, हे नुसत्या रूढीवरून ठरवता येत नाही, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

न्याय-वैशेषिक दर्शनात द्रव्य आणि गुण यांत भेद केला जातो. गुण म्हणजे द्रव्याच्या आश्रयाने राहणारा, द्रव्यावाचून कधीही न आढळणारा धर्म. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात, ज्याची आठल्ये आणि बोडस या मराठी पंडितांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली, रस म्हणजे रसनेंद्रियाने, अर्थात जिभेने, ग्रहण होणारा गुण असे सांगून त्याचे गोड, आंबट, खारट, तिखट, तुरट आणि कडू असे सहा प्रकार मानले आहेत. हे सहाही रस पृथ्वी या द्रव्यात असतात, पाण्यात मात्र केवळ गोड रस असतो. गंध तर फक्त पृथ्वीत असतो, पाण्यात मुळीच नसतो. मग सुवासिक पाण्याचे काय, या शंकेला अन्नंभट्ट स्वतःच्याच ‘दीपिका’ टीकेत अन्वय-व्यतिरेकाच्या आधारे उत्तर देतो. एक गोष्ट असताना दुसरी असते हा अन्वय, आणि ती नसताना दुसरीही नसते हा व्यतिरेक. पार्थिव कण मिसळले असता पाण्याला वास येतो, ते नसता येत नाही, म्हणून भासणारा गंध पृथ्वीचाच होय.

हा सिद्धान्त चहाच्या पेल्याला लावला, तर पत्तीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची पहिली अडचण समोर येते. पेल्यातील पाण्याला स्वतःचा गंध नाहीच. तो दार्जिलिंगच्या पानाचा असो, व्हॅनिलाच्या अर्काचा असो की गवती चहातील सिट्रल या तेलद्रव्याचा असो, पाण्याच्या दृष्टीने सगळे गंध सारखेच पाहुणे आहेत. शिवाय सुगंधित आणि साध्या चहातील फरक मुख्यतः रसाचा नसून गंधाचाच असतो, कारण घोट घेतल्यावर घशाच्या मागील बाजूने बाष्प नाकात चढते आणि त्याची जाणीव जिभेवरच्या चवीत मिसळून जाते. नाक घट्ट दाबून धरले, तर व्हॅनिलाचा वास दिलेला चहा आणि त्याच पत्तीचा कोरा चहा जिभेला जवळजवळ एकच वाटतो. उरतो तो कडवटपणा आणि तुरटपणा. त्यातही तुरटपणाला आधुनिक शरीरशास्त्र चव न मानता स्पर्श मानते, कारण पानातील पॉलिफिनॉल द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी बांधली गेल्याने तोंड कोरडे पडल्याची जाणीव होते. सहा रसांच्या यादीतील एक रस असा त्वचेच्या वाट्याला जातो, ही गोष्ट प्राचीनांना पटली नसती, आणि तोंडाच्या अनुभवाशी इमान राखायचे तर त्यांचे अगदीच चुकले असेही म्हणवत नाही.

आता मिश्र रसाचा प्रश्न. रंगाच्या बाबतीत नैयायिकांनी सात प्रकार मानले आणि त्यांत ‘चित्र’ म्हणजे चित्रविचित्र असा एक स्वतंत्र रंग धरला, कारण डोळा वस्तूलाही पाहतो आणि ते पाहणे वस्तूच्या रंगावर अवलंबून असते. अनेकरंगी वस्त्राला स्वतःचा एक रंग नसेल, तर ते वस्त्र दिसणारच नाही. जिभेची गोष्ट वेगळी. जीभ केवळ रस ग्रहण करते, द्रव्य ग्रहण करण्याची शक्ती तिला नाही. म्हणून नाना रसांच्या अवयवांनी बनलेल्या वस्तूला स्वतःचा रस नसला, तरी काही बिघडत नाही, त्या ठिकाणी अवयवांचेच रस चाखले जातात, असे विश्वनाथ पंचाननाने ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त म्हटले आहे. अन्नंभट्टही याच न्यायाने चित्रगंध नाकारतो. याचा सरळ अर्थ असा की आले, वेलची आणि गूळ घातलेल्या चहाला चहा म्हणून कोणताच रस नाही. आल्याचा तिखटपणा आहे, गुळाचा गोडवा आहे, पत्तीचा तुरटपणा आहे, पण ‘गुळाच्या चहाची चव’ नावाची वस्तू जगात नाही. सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर उभे राहून ती चव घेणाऱ्याला हे सांगण्याचे धाडस एखादा तार्किकच करू जाणे.

या मताविरुद्ध उभा राहतो तो साहित्यशास्त्राचा पक्ष. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात नाट्यरस समजावताना पाकक्रियेचाच दृष्टान्त दिला आहे: गूळ आदी द्रव्ये, व्यंजने आणि औषधी यांच्या संयोगाने जसे षाडव वगैरे आस्वाद्य रस सिद्ध होतात, तसे विविध भावांच्या संयोगाने स्थायी भाव रसत्व पावतात. पुढे अभिनवगुप्त आणि मम्मट यांनी ‘पानकरस’ हे उदाहरण रूढ केले. पानक म्हणजे गूळ, मिरी इत्यादींपासून केलेले पेय, ज्याचा आस्वाद त्यातील कोणत्याही एका घटकाच्या आस्वादाहून निराळा असतो आणि घेताना अखंड वाटतो. ऊस पिकवणाऱ्या नीरेच्या खोऱ्यात बसून हा दृष्टान्त वाचणाऱ्याला भरताने गुळाचेच नाव आधी घेतले याचे कौतुक वाटल्यास नवल नाही. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी नावारूपाला आणलेला ‘अमृततुल्य’ चहा, ज्यात दूध, साखर, पत्ती आणि मसाला पितळी भांड्यात एकत्र उकळतात, तोही याच पानकाच्या कुळातला मानावा लागेल.

दोन्ही पक्षांत आलंकारिकांचे, म्हणजे साहित्यशास्त्रकारांचे, म्हणणे अनुभवाला अधिक धरून आहे, परंतु ते सरसकट लावता येत नाही, आणि कोठे लावायचे याची कसोटी त्यांनी दिलेली नाही. ती कसोटी अशी असावी: घटक एकमेकांना बदलतात काय? दुधातील केसिन हे प्रथिन पत्तीतील पॉलिफिनॉल द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो. गुळाच्या आंबटपणाने आणि क्षारांनी दूध नासू शकते, म्हणून गुळाचा चहा करणारे दूध वेगळे तापवून शेवटी घालतात. येथे प्रत्येक घटक दुसऱ्याचे काही घेतो आणि दुसऱ्याला काही देतो, आणि कोणाला कधी घालायचे हेही त्यावरून ठरते. अशा पेयाला स्वतःचा रस नाकारणे केवळ तर्काच्या हट्टापायी होईल. उलट तयार पत्तीवर कृत्रिम अर्क फवारला जातो, तेव्हा पान होते तसेच राहते आणि वास उडून गेल्यावर मागे साधी, बहुधा सामान्य प्रतीची पत्ती उरते. जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल भासतो, पण लाल होत नाही. दर्शनांत अशा उसन्या गुणाला औपाधिक, म्हणजे उपाधीमुळे भासणारा, असे म्हणतात. पारंपरिक चिनी पद्धतीचा मोगऱ्याचा चहा या दोहोंच्या मधला आहे: रात्री उमलणारी फुले पत्तीबरोबर थरांत ठेवतात, पान त्यांचा गंध आणि ओलावा शोषते, मग ते पुन्हा वाळवतात, आणि उत्तम प्रतीसाठी हे सारे अनेकदा करतात.

मग साध्या पत्तीचा रस तरी तिचा स्वतःचा आहे काय? वैशेषिकांच्या मते पृथ्वीतील रूप, रस, गंध आणि स्पर्श हे चार गुण पाकज असतात, म्हणजे तेजाच्या, उष्णतेच्या संयोगाने पालटतात. कच्चा घडा भट्टीत लाल होतो तो याचमुळे. हिरवा, काळा, ऊलाँग हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांचे असून त्यांतील भेद पान सुकवणे, चुरगळणे, हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होऊ देणे आणि भाजणे यांच्या कमीअधिक प्रमाणातून उपजतात. आसामात १९३०च्या सुमारास आलेल्या सीटीसी यंत्राने, जे पान दाबून, फाडून त्याच्या गोळ्या वळते, कडक रंगाचा आणि दुधाला पेलणारा चहा दिला. बारामतीच्या बाजारातील सुटी पावडर बहुतांशी याच जातीची. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीतील, द्राक्षांची आठवण करून देणारा प्रसिद्ध गंध तर तुडतुडे नावाच्या किडीने पान चावल्यावर झाडात होणाऱ्या बदलांशी जोडला जातो. निव्वळ पानाची म्हणून जी चव गौरवली जाते, तिच्यातही अग्नी, हवा, यंत्र आणि कीटक यांचा वाटा आहे. तरीही पाकज आणि औपाधिक यांत भेद आहेच: पाकज गुण पानात परिणाम होऊन उपजतो, औपाधिक गुण पानाला न बदलता त्यावर बसतो.

चहातील भेसळीविषयीचा तिरस्कारही नवा नाही. आठव्या शतकातील चिनी लेखक लू यू याने चहावरील आपल्या ग्रंथात कांद्याची पात, आले, संत्र्याची साल, पुदिना वगैरे घालून उकळलेल्या चहाची गटारातल्या पाण्यात गणना केली. तो स्वतः मात्र उकळत्या पाण्यात मीठ टाकत असे.

पाण्याकडे रसिकांचे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘चरकसंहिते’च्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायात रस किती यावर ऋषींची चर्चा आहे, कोणी एक, कोणी दोन, कोणी आठ आणि कांकायन तर असंख्य रस मानतो, आणि अखेरीस पुनर्वसु आत्रेय सहा रस ठरवून त्यांचे मूळ पाण्यात असल्याचे सांगतो. कालव्याच्या पट्ट्यातील काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. अशा पाण्यातील कॅल्शियम चहावर तवंग आणते आणि नाजूक पानाचा गंध दबून जातो, आले-गुळाचा चहा मात्र टिकून राहतो. या भागातील आवडीनिवडीचे एक कारण परंपरेइतकेच पाण्यातही शोधावे लागेल. त्याच अध्यायात चरकाने अनुरस सांगितला आहे, म्हणजे मुख्य रसामागून अस्पष्टपणे जाणवणारा दुय्यम रस. औपाधिक गंधाचा चहा याच ठिकाणी उघडा पडतो, कारण त्याचा पहिला झोत मोठा असतो आणि मागे फारसे काही येत नाही.

यावरून निर्णय असा करता येतो की ‘शुद्ध विरुद्ध सुगंधित’ ही विभागणी टाकून पाकज, पानक आणि औपाधिक अशी विभागणी स्वीकारावी. पहिल्या दोन प्रकारांना सारखाच मान द्यावा आणि तिसऱ्याला त्याच्या अर्काचे मोल द्यावे, पानाचे देऊ नये. ज्या वाचकाला हे पडताळून पाहायचे असेल, त्याने चहा-परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती घेऊन ती ६ मिनिटे ठेवावी, सर्व पेल्यांसाठी पाणी एकाच विहिरीचे किंवा एकाच नळाचे घ्यावे आणि कोरी पत्ती आधी चाखून मग सुगंधित पत्तीकडे वळावे. गुळाचा चहा मात्र या रांगेत मांडू नये, त्याची तुलना दुसऱ्या गुळाच्या चहाशीच करावी.