गाव बदलले की धर्म बदलतो का? दांपत्याचे स्थलांतर आणि सुरत

पूजेच्या आरंभी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडताना यजमान आधी आपला ठावठिकाणा सांगतो. जंबुद्वीप, भरतवर्ष, मग प्रदेश, मग जवळच्या नदीचा कोणता तीर. त्यानंतर शक, संवत्सर, महिना, तिथी. आणि सरतेशेवटी गोत्र व नाव. पत्नी शेजारी बसून त्याच्या हाताला हात लावते, कारण गृहस्थाचे कर्म एकट्याचे नसते. महाराष्ट्रातले बहुतेक पुरोहित या संकल्पात दंडकारण्य आणि गोदावरी यांचा उच्चार करतात. हेच जोडपे सुरतेला राहायला गेले, की गोदावरीच्या जागी तापी येते. गोत्र तेच राहते, शेजारचा हातही तोच राहतो. स्थलांतर करणाऱ्या दांपत्यापुढचा धार्मिक प्रश्न या संकल्पातच दिसतो: कोणते कर्तव्य जागेचे, कोणते कुळाचे आणि कोणते केवळ त्या दोघांचे?

धर्मशास्त्राने हे तीन थर फार पूर्वी वेगळे केले. देशाचार म्हणजे त्या भूमीची रीत, कुलाचार म्हणजे घराण्याची रीत; आणि सहधर्म म्हणजे पतिपत्नींनी मिळून करायचे आचरण. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडचे आणि उत्तरेकडचे प्रत्येकी पाच वादग्रस्त आचार दिले आहेत. दक्षिणेच्या यादीत पत्नीसह जेवणे आणि मामाच्या मुलीशी लग्न करणे हे दोन आचार येतात. जो आचार जिथला, तो तिथेच निर्दोष, असे एक मत तेथे नोंदवले आहे. धर्मसूत्रकार गौतमाला ते मान्य नाही. शिष्टांच्या स्मृतीशी विरोध असेल तर दोन्हीकडचे आचार आदरू नयेत, असा निवाडा बौधायन देतो. दक्षिण आणि उत्तर यांची सीमा पुढच्या टीकाकारांनी नर्मदा मानली. सुरत नर्मदेच्या दक्षिणेला आहे; तरीही तेथे वर्ष मोजले जाते ते विक्रम संवताने, महाराष्ट्राप्रमाणे शालिवाहन शकाने नव्हे. शास्त्राने आखलेली रेघ आणि लोकांची वहिवाट यांचा मेळ बसतोच असे नाही, हे सुरतेत राहायला येणाऱ्याला पहिल्याच दिवाळीत कळते.

घराणे हलले तर त्याचा कायदा कोणता, हा प्रश्न इंग्रजी अमदानीत न्यायालयांपुढेही आला. वारसाहक्काच्या बाबतीत महाराष्ट्रात विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेला अग्रमान होता, तर गुजरातेत नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला. न्यायालयांनी तत्त्व असे ठरवले की स्थलांतरित हिंदू कुटुंब आपला मूळचा कायदा बरोबर नेते. त्या कुटुंबाने नव्या प्रांताचा कायदा स्वीकारला, असे कोणी म्हणत असेल तर ते त्याने सिद्ध करावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा भेद बहुतांशी संपवला. नीलकंठाचे स्वतःचे कुळही असेच हललेले होते. भट्ट घराणे मूळचे पैठणचे, सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थिरावलेले. तेथे लिहिलेला ग्रंथ प्रमाण ठरला तो गुजरातेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्याआधी ज्या ग्रंथांचे संपादन केले, त्यांत हा व्यवहारमयूखही होता. घर हलले म्हणून परंपरा तुटत नाही, हे या एका घराण्यावरूनही दिसते.

सुरत लहान की मोठी, हे येणारा कुठून येतो यावर ठरते. २०११ च्या जनगणनेत मुंबई सुमारे सव्वा कोटीची आणि सुरत सुमारे पंचेचाळीस लाखांची होती. मुंबईचे भाडे आणि लोकलची गर्दी सोडून येणाऱ्या जोडप्याला ती आटोपशीर वाटते, तर नंदुरबार-शिरपूरकडून येणाऱ्याला महानगर. सुरतेतला मराठी समाज मोठ्या प्रमाणात खानदेशचा आहे. जळगावहून धुळे-नंदुरबारच्या मुलखातून येणारा ताप्ती लोहमार्ग उधना येथे मुंबईच्या मार्गाला मिळतो, आणि याच वाटेने आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत कापड गिरण्या, यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या कामावर स्थिरावली. या वस्त्यांत अहिराणी कानावर पडते, आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. खानदेशी माणसाला येथे नदीही नवी नाही. मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत आलेली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईप्रमाणे सुरतेतही सूर्यकन्या तापीचा जन्मोत्सव होतो. माहेरची नदीच सासरी भेटावी, तशी ही गोष्ट आहे.

सासर-माहेर हे शब्द येथे केवळ उपमेपुरते नाहीत. पारंपरिक विवाहात स्थलांतर एकाच बाजूने होते. मुलगी घर, गाव, कुलदैवत आणि पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकाची चवसुद्धा बदलते. मुलगा जागचा हलत नाही. त्याच्या दृष्टीने कुलाचार म्हणजे सदा होता तसाच असलेला आचार. तिच्या दृष्टीने तो शिकून आपलासा केलेला आचार असतो. दोघे मिळून परगावी जातात तेव्हा हा फरक पहिल्यांदा पुसला जातो. नवी भाषा, नवे शेजारी, नवा बाजार यांपुढे नवराही सासुरवाशीणच ठरतो. परके घर आपले कसे करावे, कोणती रीत मुकाट्याने उचलावी आणि कोणती मनात जपून ठेवावी, ही विद्या घरात एकीलाच येत असते. स्थलांतराचा विचार करताना सर्वांत आधी विचारात घ्यायची गोष्ट हीच, की या बाबतीत अनुभवी माणूस पत्नी आहे. तिचे मत केवळ संमतीपुरते घेणे म्हणजे जाणकाराला बाजूला बसवणे होय.

संमतीचा प्रश्न परंपरेत स्पष्टपणे आला आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. मागे राहिलेल्या पत्नीची, रुक्मिणीबाईंची, हकीकत कळताच गुरूंनी विठ्ठलपंतांना परत गृहस्थाश्रमात धाडले, अशी कथा आहे. पत्नीच्या मनाविरुद्ध केलेला त्याग गुरूंनीच रद्दबातल ठरवला. रामायणात सीता बरोबर जाते आणि ऊर्मिला मागे राहते. दोघींच्याही वाट्याला पतीच्या प्रवासाचा परिणाम येतो. पंढरपूरची कथा याच्या उलट आहे. रुसलेली रुक्मिणी द्वारका सोडून दिंडीरवनात आली, तिला शोधत श्रीकृष्ण आला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. मराठी माणसाचे आराध्य दैवत असे गुजरातेतून, पत्नीच्या पाठोपाठ आलेले आहे. विठ्ठल आणि रखुमाई यांचे गाभारे पंढरपुरात आजही वेगवेगळे आहेत. एका गावात येऊनही प्रत्येकाला आपली जागा लागते, असा अर्थ त्यातून काढता येतो.

गावाची ओढ मुळात सोडूनच द्यावी, असा विचारही या मुलखाला परका नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पंथपरंपरेप्रमाणे भडोचचे, म्हणजे सुरतेच्या उत्तरेला जवळच असलेल्या नगरीतले प्रधानपुत्र. त्यांनी अनुयायांना स्वदेश आणि स्वग्राम यांचा संबंध तोडायला सांगितले आणि राहण्यासाठी मात्र महाराष्ट्र नेमून दिला. संन्याशाच्या आणि गृहस्थाच्या स्थलांतरातला भेद येथे स्पष्ट होतो. संन्यासी संबंध कमी करण्यासाठी निघतो. गृहस्थाला जुने संबंध सांभाळून नवे जोडायचे असतात. अतिथी, शेजारी, पितर आणि देव यांचे देणे त्याच्यामागे कुठेही येते. म्हणून ‘सगळ्यांपासून सुटका’ हे कारण घेऊन निघालेले जोडपे गृहस्थधर्माच्या दृष्टीने चुकीच्या वाटेवर असते. मुंबईतली दगदग सोडणे वेगळे, माणसे सोडणे वेगळे.

कुलाचाराच्या बाबतीत खानदेशी घरांनी दाखवलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. अनेक घरांत रोटांचे धान्य कुटुंबातल्या पुरुषांच्या संख्येवर सव्वा-सव्वा मुठीने घेतले जाते आणि रोट भाऊबंदकीतच खाल्ले जातात. म्हणजे हा सण मुळात एका गावात राहणाऱ्या भाऊबंदांचा. सुरतेत भावकी विखुरलेली असते. तरी कानबाई तेथेही थाटाने बसते, आणि गाणी म्हणायला, फुगड्या घालायला गल्लीतल्या बायका येतात. आचार तोच राहिला, त्यामागचे ‘आपण’ मात्र रुंदावले. सप्तशृंगीचे उलटे आहे. कुलस्वामिनी वणीच्या गडावरून हलत नाही. तेथे जाऊन यावे लागते. काही दैवते घराबरोबर येतात आणि काहींकडे परतून जावे लागते. घर हलवण्याआधी दोघांच्याही घराण्यांची ही वाटणी समजून घेणे, येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च धरणे आणि पत्नीच्या माहेरचे दैवत या हिशेबातून न गाळणे, हे व्यवहाराला आणि धर्माला दोन्हीला धरून आहे.

देशाचाराशी जुळवून घेताना काही गोष्टी सहज बसतात. ज्येष्ठातली वटपौर्णिमा दोन्हीकडे एकाच दिवशी येते. महिने दोन्हीकडे अमावास्येलाच संपतात, त्यामुळे श्रावण एकच. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला मराठी घरात पत्नी पतीला ओवाळते. बाहेर सुरतेचे नवे वर्ष, बेसतुं वरस, सुरू झालेले असते आणि शेजारी शुभेच्छा द्यायला दारात उभे असतात. एकच तिथी आत दांपत्याची, बाहेर गावाची. सगळेच इतके सोपे नसते. काही सोसायट्यांत मांसाहारी कुटुंबाला घर देत नाहीत, आणि ज्यांच्या कुळात देवीला बोकडाचा नैवेद्य असतो त्यांना नुसती रीत सांगून भागत नाही. देशाचाराचा मान राखणे आणि कुलाचार लाजून लपवणे यांतली सीमा दोघांनी घर पाहतानाच ठरवलेली बरी.

मातापित्यांचे ऋण हा सर्वांत अवघड भाग. मुंबई-सुरत अंतर रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर. सकाळी निघून दुपारी पोहोचता येते, पण रात्री-अपरात्री दुखणे उठले तर नाही. मातृदेव, पितृदेव हा उपदेश मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. म्हणून पतीच्या आईवडिलांसाठी जी तजवीज, तीच पत्नीच्या आईवडिलांसाठी, हे सहधर्माचे सरळ फलित आहे. मुलांच्या बाबतीत कर्तव्य उलट दिशेने वाहते. त्यांना गुजराती शेजार मिळणार आणि मराठी घरातूनच मिळणार. ती देणारी माणसे दोघेच उरतात.

गाव आपले झाले याची शेवटची खूण मरणाशी जोडलेली आहे. सुरतेत तापीकाठी अश्विनीकुमार येथे स्मशानभूमी आहे. सूर्यपुत्र कर्णावर सूर्यकन्येच्या काठी, येथेच अंत्यसंस्कार झाले, अशी स्थानिक श्रद्धा आहे, आणि तीन पानांचा वड तिची खूण म्हणून दाखवला जातो. ज्याला आयुष्यभर स्वतःचे कूळ मिळाले नाही त्याला या गावाने काठ दिला, असे ही श्रद्धा सांगते. श्राद्धासाठी गावी परतण्याची सक्ती शास्त्रात नाही. नदीकाठ चालतो, घरही चालते. मात्र श्राद्धात वडिलांकडच्या तीन पिढ्यांप्रमाणे आईकडच्या आजोबा-पणजोबांचीही नावे घ्यावी लागतात. स्थलांतरित घरात ही नावे सांगणारे वडीलधारे जवळ नसतात. दोन्हीकडच्या पूर्वजांची नावे लिहून बरोबर नेणे, एवढी तयारी निघण्याआधी करता येते. संकल्पातली नदी कोणती हे नंतर पुरोहित विचारतोच.